नानांच्या निधनवार्तेतला एक शब्द

गेल्या महिन्यात नाना, माझे वडील, गेले. ९१ वर्षांचे होते. संध्याकाळी पेपरला द्यायची निधनवार्ता धाकट्या भाच्याने मोबाइलवर टाइप करून दाखवली : "ते अत्यंत कुटुंबवत्सल व मनमिळाऊ स्वभावाचे होते. त्यांच्या पश्चात..."

मनमिळाऊ वाचून मला त्या दिवशीही हसू आलं. सुट्ट्या पैशांवरून अर्ध्या गाडीशी भांडलेला माणूस! ते राहू द्या. अडकलो 'कुटुंबवत्सल'पाशी. शब्द खोटा नाही, पण फार गुळगुळीत आहे.

नाना एसटीत कंडक्टर. १९५८ ला लागले, १९९२ ला रिटायर झाले, सगळी नोकरी कराड-पाटण भागात. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेली, हे ते घरातलं बारसं सांगावं तसं सांगायचे. हा कुटुंबवत्सल माणूस महिन्यातल्या निम्म्या रात्री घरी नसायचा. वस्तीची गाडी घेऊन कुठल्यातरी गावात मुक्काम. बाकड्यावर अंथरूण, उशाला तिकिटांची पेटी. वस्तीचा भत्ता मिळायचा म्हणून इतरांच्या वस्त्याही मागून घ्यायचे. तो भत्ता पगारात मिसळायचा नाही. हॉर्लिक्सच्या बाटलीत वेगळा, आमच्या फीसाठी.

११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हाही ते पाटणच्या वरच्या अंगाला वस्तीवर होते. गाडी हलायला लागली तशी त्यांना वाटलं, गावातली पोरं मस्ती करतायत. शिव्या देत खाली उतरले, तर समोरच्या घराची कौलं घसरत होती. त्या भूकंपात पावणेदोनशेच्या घरात माणसं गेली, कोयनानगर तर आडवंच झालं. नाना दोन दिवस तिकडेच, माणसं खाली आणायच्या कामात. इकडे आई आम्हा दोघांना गोधडीत गुंडाळून अंगणात बसलेली. अक्का सहा वर्षांची, मी तीन. दुपारी एका ड्रायव्हरनं चिठ्ठी आणून दिली. वेबिलाच्या, म्हणजे कंडक्टरच्या तिकिटांच्या हिशेबाच्या कागदाच्या, मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेली : "मी ठीक. पोरांना घरात झोपवू नको."

आई ही चिठ्ठी पुढची पन्नास वर्षं सांगायची आणि शेवटी म्हणायची, "मी कशी आहे, ते नाही विचारलं हो!" नाना पेपर वर करून तोंड झाकायचे.

मी कोल्हापूरला कॉलेजला होतो तेव्हा रोज सकाळी कराडहून डबा यायचा. एसटीनं डबे येणं ही आपल्याकडची जुनी रीत, स्टँडवर पोरांची रांगच असायची. माझ्या डब्याच्या कडीला सुतळीनं जाड पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला, त्यावर नानांचं चौकोनी अक्षर. नाव, रूम नंबर आणि खाली 'रिकामा परत'. गाडी कोणाचीही असो, डबा चुकला नाही. चार वर्षांत दोनदा भाजी सांडली, एवढंच. पण पहाटे चारला उठून भाकरी थापायची आई. मित्र म्हणायचे, "तुझे वडील ग्रेट आहेत." मीही मान डोलवायचो.

काकांच्या इंजिनीअरिंगचंही तसंच. १९६३ साली आईच्या चार तोळ्यांच्या पाटल्या गहाण पडल्या, तेव्हा कुठे धाकटे काका सांगलीला शिकले. भावासाठी एवढं केलं म्हणून भावकीत नानांचं नाव झालं. पाटल्या सुटल्या १९७१ मध्ये. नानांच्या वहीत त्या दिवशी नुसती एक ओळ आहे : "पाटल्या आणल्या." आईनं त्या परत कधी घातल्या नाहीत. का, ते विचारायचं मला सुचलं नाही.

आणि अक्का. ती माझ्यापेक्षा हुशार, हे मी कोणापुढेही कबूल करतो. १९७७ ला दहावीला शाळेत दुसरी आली. बाटलीतले पैसे तेव्हाही होते. नाना म्हणाले, "दोघांचं जमायचं नाही," आणि एकोणिसाव्या वर्षी तिचं लग्न लावून दिलं. लग्नात दारात उभं राहून माणसं मोजत होते, डबल बेल द्यायच्या आधी गाडीत मोजायचे तशी. पाठवणीनंतर मागच्या मोरीत जाऊन रडले, हेही मी पाहिलंय. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकीनं दुसरी पुसली जात नाही.

शेवटची सात वर्षं, आई गेल्यावर, तेच नाना अक्काला रोज सकाळी नऊला फोन करायचे. तब्येत नाही विचारायचे. "आज भाजी काय केलीस?" तिनं सांगितलं की "बरं" म्हणून ठेवून द्यायचे. अक्का कधी चिडायची, पण नऊ वाजता फोनजवळ असायची.

तर ती निधनवार्ता. भाच्याने मोबाइल अक्काच्या हातात दिला. तिनं चष्मा लावून दोनदा वाचलं.

"यात आई कुठाय?"

भाचा म्हणाला, "अगं, आजी आधीच गेली ना. पश्चातमध्ये तिचं नाव येत नाही."

"मग वर घाल."

पेपरवाल्यांना फोन केला. ते म्हणाले, ठरलेला मजकूर असतो, असं कोणी देत नाही, ओळीचे पैसे वाढतील. अक्कानं पर्समधून पाचशेची नोट काढून भाच्याच्या हातावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी छापून आलं. 'कुटुंबवत्सल' तसंच राहिलं. वर एक ओळ जास्तीची होती, आईच्या पूर्ण नावाची, माहेरच्या आडनावासकट.