मेरी ब्रायंटच्या मुलांचा मृत्यू कोणाच्या माथी? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अठराव्या शतकात ऑस्ट्रेलियातल्या ब्रिटिश कैद्यांच्या वसाहतीतून, सिडनीहून, होडीने पळालेल्या मेरी ब्रायंटवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : ही बाई वाटमारी करणारी होती, फाशीऐवजी सात वर्षांच्या हद्दपारीवर सुटली हे तिचं नशीब. आणि दोन तान्ह्या लेकरांना उघड्या होडीत घालून समुद्रात नेणाऱ्या आईचं कौतुक कसलं करता, त्यांच्या मृत्यूचं पाप तिचंच. मुद्दे रोखठोक आहेत आणि दुसरा तर जिव्हारी लागणारा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

वाटमारी खरीच. भुकेल्या पोरासाठी पाव चोरला अशी गोष्ट मी रचली नव्हती, आताही रचणार नाही. कॉर्नवॉलमधल्या फोई या बंदरगावातली ही दर्यावर्दी घरातली मुलगी. प्लिमथजवळच्या रस्त्यावर दोघी साथीदारणींबरोबर तिने एका बाईला मारहाण करून लुटलं. एक रेशमी टोपी आणि ११ पौंड ११ शिलिंगांचा ऐवज. मार्च १७८६ मध्ये एक्झिटरच्या न्यायालयाने फाशी सुनावली आणि मग तिची सात वर्षांची हद्दपारी केली. गुन्हा झाकायचं मला कारणच नाही.

पण 'सात वर्षं' या शब्दांवर तुम्ही फार विसंबता आहात. शिक्षा संपली की सरकार परतीचं भाडं देत नसे. पुरुष एखाद्या जहाजावर खलाशी म्हणून चढू शकायचा. बाईने काय करायचं? त्यातून कैद्यांना सिडनीला नेणाऱ्या जहाजांच्या पहिल्या ताफ्याबरोबर त्यांच्या शिक्षेचे कागद पाठवायचेच राहून गेले. आपली मुदत भरली असं सांगणाऱ्यांकडे सिडनीत पुरावा नसे. मेरीचा नवरा विल्यम याची मुदत १७९१ च्या सुमारास संपत होती. तो जातिवंत मच्छीमार, वसाहतीच्या मासेमारीच्या होड्या त्याच्याच हाताखाली होत्या. चोरून मासे विकल्याबद्दल त्याला १०० फटके बसले होते. इथे लागलेलं लग्न इंग्लंडात बंधनकारक नाही, असं तो बोलून दाखवायचा. वसाहतीचा न्यायाधिकारी डेव्हिड कॉलिन्स याने हे नोंदवून ठेवलं आहे. म्हणजे नवरा कधीही निघून जाईल आणि आपण दोन मुलांसह इथे उरू, ही भीती मेरीच्या डोक्यावर होतीच.

आणि 'इथे' म्हणजे कुठे? रसद आणणारं 'गार्डियन' जहाज डिसेंबर १७८९ मध्ये हिमनगावर आदळलं. मार्च १७९० मध्ये वसाहतीचं 'सिरियस' जहाज नॉरफक बेटाच्या खडकांवर फुटलं. शिधा कमी होत गेला. जूनमध्ये दुसरा ताफा आला तो धान्यापेक्षा मरणपंथाला लागलेली माणसंच जास्त घेऊन. त्या ताफ्यातल्या सुमारे हजार कैद्यांपैकी चौथा हिस्सा वाटेतच गेला होता. मुलं किनाऱ्यावर सुरक्षित होती आणि आईने ती धोक्यात घातली, असं तुमचं चित्र आहे. तसा किनारा सिडनीला नव्हता.

२८ मार्च १७९१ च्या रात्री खुद्द गव्हर्नर फिलिपची होडी घेऊन ११ जण निघाले. मेरी, विल्यम, साडेतीन वर्षांची शार्लट, वर्षाचा इमॅन्युएल आणि सात पुरुष कैदी. होकायंत्र, नकाशा, बंदुका त्यांना एका डच कप्तानाकडून मिळाल्या होत्या. होडी गळायची, फटींना साबण फासून ती तरती ठेवली, असं त्यांच्यातल्याच जेम्स मार्टिनने लिहून ठेवलंय. सुमारे ५,००० किलोमीटर आणि ६९ दिवसांनी ते तिमोर बेटावरच्या कुपांगला पोचले. अकराच्या अकरा जिवंत. दोन्ही मुलंसुद्धा! तुमच्या आरोपाचं उत्तर मला इथेच दिसतं : होडीत मुलं मेली नाहीत.

कुपांगला त्यांनी जहाज फुटल्याची बतावणी केली, ती काही काळ चालली. मार्टिन म्हणतो, विल्यमचं बायकोशी भांडण झालं आणि त्याने स्वतःच जाऊन सगळं सांगितलं. पुढे ब्रिटिश नौदलाचा कॅप्टन एडवर्ड्स तिथे आला, त्याने सगळ्यांना बेड्या घातल्या आणि बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, नेलं. तापाने पोखरलेलं ते बंदर. तिथे डिसेंबर १७९१ मध्ये आधी इमॅन्युएल गेला, तीन आठवड्यांनी विल्यम. शार्लट इंग्लंडला परतणाऱ्या 'गॉर्गन' जहाजावर मे १७९२ मध्ये वारली. त्याच जहाजावर सिडनीहून घरी निघालेल्या सैनिकांची मुलंही एकामागून एक दगावत होती. लेफ्टनंट राल्फ क्लार्कने आपल्या रोजनिशीत उष्म्याला दोष दिला आहे. ती मुलं कोणी पळवून नेली नव्हती. सरकारी जहाजावर, सरकारी पहाऱ्यात होती. त्यांच्या आयांनाही तुम्ही बेजबाबदार म्हणाल का?

त्याच 'गॉर्गन'वर वॉट्किन टेंच हा नौसैनिकी अधिकारी होता. मेरी पूर्वी ज्या जहाजाने सिडनीला गेली, त्यावरही तो होता. कैद्यांवर पहारा करण्याचीच नोकरी त्याची. या लोकांकडे पाहिलं की करुणा आणि अचंबा वाटल्याशिवाय राहत नाही, असं त्याने लिहिलंय. पळालेल्यांचं कौतुक करण्यात त्याचा काहीच फायदा नव्हता.

राहिली शिक्षेतली सूट. लंडनला मेरीला न्यूगेटच्या तुरुंगात ठेवलं, जेम्स बॉस्वेल या वकील-लेखकाने तिच्यासाठी खटपट केली आणि तिला माफी मिळाली ती मे १७९३ मध्ये. मार्च १७८६ पासून सात वर्षं मोजा, मुदत मार्च १७९३ लाच भरते. म्हणजे माफीचा कागद हातात पडला तेव्हा तिने पूर्ण शिक्षा भोगून वर दीड-एक महिना तुरुंगात काढला होता. बॉस्वेलने पुढे तिला वर्षाला १० पौंड लावून दिले आणि ती कॉर्नवॉलला आपल्या माणसांत गेली. एकटी.