तर्रीतला 'र' सायलेंट नाही

परवा सकाळी सात वाजता आमच्या स्टँडवरच्या टपरीत माझ्या पोह्यांवरून एक आख्खं जहाज गेलं. दोन दिवस झाले, राग काही उतरत नाही.

या आठवड्यात आमच्या वावरातल्या मोटारींना रात्रपाळीची लाईन, म्हणजे वीज, आहे. जानेवारी महिना. संत्र्याला फूल यावं म्हणून पाणी तोडून ताण देतात. आंबिया बहाराचा हा ताण तोडायचा तर आंबवणीचं, म्हणजे पहिलं, पाणी द्यावंच लागतं, आणि लाईन येते रात्री. झाडाला काय, त्याला दिवस-रात्र सारखीच. माणसाच्या पायांना मात्र फरक पडतो. पहाटे वावरातून निघालो तेव्हा पायाची बोटं माझीच आहेत का हे बूट काढून मोजावं लागलं. रात्रभर एकच आस होती. तर्री-पोहे.

टपरीवाल्या भाऊनं प्लेट भरली. खाली पोहे, वरून तर्री, म्हणजे चण्याचा झणझणीत रस्सा. तीही पळी तळापर्यंत घालून, म्हणजे चणे येतात; वरवरची घेतली तर नुसतं लाल तेल. मग कच्चा कांदा, शेव, लिंबाची फोड. बाजूला एक आलुबोंडा. वाफ नाकात गेली. पहिला घास उचलला.

"काऊन बे, हे का खाऊन रायला?"

गुरुजी. पाचवी ते सातवी इंग्रजी आणि भूगोल शिकवणारे. आता रिटायर झाले आहेत, पण आमच्यापुरते नाहीत. मी पंचेचाळिशीला आलोय, दोन पोरांचा बाप आहे, तरी गुरुजी दिसले की माझा हात आपोआप मागे जातो. 'नाईफ'ला 'क्नाईफ' म्हणालो म्हणून याच हातावर निंबाची छडी बसली होती. के सायलेंट असतो, हे तेव्हापासून मला हाडात माहीत आहे.

गुरुजींना मुलानं सिंगापूरला नेलं होतं, त्यात तीन रात्रींचं क्रूझ. हे जहाज सिंगापूरहून निघतं आणि फिरून सिंगापूरलाच येतं. आमच्या एसटीनं असं केलं असतं तर गुरुजींनी डेपोत अर्ज दिला असता. पण हे जहाज. परतल्यापासून गुरुजी भेटेल त्याला क्रूझ सांगत होते. मी बारा दिवस चुकवला होता. तेराव्या दिवशी भूक लागली.

"पोहे, गुरुजी."

"ते दिसते मले. नाश्ता कशाले म्हनतात, माहीत हाय का तुले?" ते समोर बसले. "वरच्या मजल्यावर बुफे. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं खानंच खानं. पन आत कोनाले सोडत नाहीत. दारात एक पोरगी उभी रायते, हातावर फवारा मारते. काऊन? सांग."

"काऊन, गुरुजी?"

"नोरोव्हायरस. जहाजावर एकाले हगवन लागली का साऱ्या जहाजाले लागते."

मी घास खाली ठेवला.

"हात दाखव."

आता हे सांगायला लाज वाटते, पण मी दाखवले. तळहात वर, बोटं जुळवून, शाळेत दाखवायचो तसेच. रात्रभर पाटाचं पाणी वळवलेले हात. नखांत काळी माती. शेजारच्या बाकावर माझा पुतण्या बसला होता, कॉलेजला निघालेला. तो मोबाईलमध्ये तोंड घालून हसला.

"हे हात घेऊन तुले जहाजावर चढू देतील का? जाय. धुऊन ये."

मी गेलो. हौदावर गार पाण्यानं पुन्हा हात धुतले. ज्या पाण्यापासून पळून आलो होतो त्याच पाण्यानं.

परत आलो तर माझ्या प्लेटीचा बुफे झाला होता. गुरुजींनी पोह्यांचे चार ढीग पाडले होते आणि माझ्याच चमच्यानं ते दाखवत होते, जसा पूर्वी पट्टीनं नकाशा दाखवायचे. भाऊ कढईपासून सरकून जवळ आला होता.

"हे इकडे गोऱ्यायचं. अंडे, सॉसेज, टोमॅटोच्या रसातला राजमा."

"राजमा भेटते का? मंग तर्रीच झाली ना, गुरुजी!" भाऊ खूश.

"गोड असते तो."

"गोड?" भाऊनं माझ्याकडे पाहिलं. मला त्याचं दुःख समजलं. जगात कुठेतरी माणसं सकाळी सकाळी कडधान्यात साखर घालून खातात, आणि त्यांना कोणी काही बोलत नाही.

"हे इकडे चायनीज लोकायचं. कांजी. म्हंजे भाताची पेज. वरून हिरवा कांदा, शेंगदाने, खारवलेलं अंडं."

पेज आमच्याकडे तापाच्या माणसाला देतात. इतके पैसे भरून, विमानानं जाऊन, समुद्रात उभं राहून लोक पेज खातात म्हणजे मग उकडपेंडीनं काय पाप केलंय? कणीक तेलावर खमंग भाजून, कांदा-मिरचीची फोडणी देऊन, गरम पाण्याचा हबका मारून माझी आई जी उकडपेंडी करते ना, ती त्या बुफेच्या कोपऱ्यात ठेवली तर जहाज एका बाजूला कलेल. तेच गिल्या वड्याचं. अमरावतीचा दह्यात बुडालेला गिला वडा... पण हे मी मनात म्हणालो. तोंड उघडायला वाव नव्हता.

"अन् ही मासोळी. सॅल्मन म्हनू नको. सामन. एल सायलेंट हाय. धुरावर ठेवलेली, पातळ पातळ कापलेली, मधी भोक असलेल्या पावावर लोन्यासारखं चीज लावून खातात. अन् ते वेटोळं बिस्कुट दिसते ना, खारीसारखं, त्याले क्रोइसंट नाही म्हनायचं. क्रासाँ. त्यात टी सायलेंट."

मला वाटलं विचारावं, गुरुजी, एवढं सगळं सायलेंट आहे तर आपण काऊन बोलून रायलो? तर्रीतला एकही 'र' सायलेंट नाही, दोन्ही खणखणीत वाजतात. पण निंबाची छडी आठवली.

मग गुरुजींचा हात आलुबोंड्यावर पडला.

"एग्ज बेनेडिक्ट," ते म्हणाले आणि माझ्या आलुबोंड्याचे दोन तुकडे केले. "हा मफिन. इंग्लिश मफिन, भाजलेला. याच्यावर डुकराच्या मांडीचा काप. आपन म्हनलं, डुक्कर नोको. त्यानं पालक लावला. पालक लावला का नाव बदलते, फ्लोरेंटाईन होते. मंग याच्यावर अंडं." एक ढीग उचलून बोंड्यावर ठेवला. "टरफल फोडून पान्यात सोडलेलं, बलक कच्चाच. अन् याच्यावर हॉलंडेज सॉस." माझ्या वाटीतली उरलीसुरली तर्री त्यांनी त्यावर ओतली. थेंबसुद्धा मागे ठेवला नाही.

"हॉलंडचा सॉस का, गुरुजी?" भाऊनं विचारलं.

"नाही. फ्रान्सचा. लोनी, अंड्याचा बलक, लिंबू."

"अन् पदार्थ हॉलंडचा?"

"पदार्थ अमेरिकेचा."

भाऊ गोंधळला. मी नाही. आम्हाला याची सवय आहे. संत्री पिकतात वरुड-मोर्शीला आणि जग म्हणतं नागपूरची. 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेही 'नागपूर संत्रा' म्हणूनच. रात्री लाईन येते वरुडात, बोटं बधिर होतात वरुडात, नाव नागपूरचं. त्या हॉलंडच्या माणसांना निदान समुद्र तरी आहे. आम्हाला कुठल्याही दिशेला कावळा सोडला तरी समुद्र पाचशे किलोमीटरांच्या आत नाही. आमचा समुद्र म्हणजे सिंभोऱ्याचं अप्पर वर्धा धरण. त्याचं नाव मात्र नळ-दमयंती सागर. नाव ठेवण्यात आपण कुठेच कमी पडलो नाही.

गुरुजींनी एग्ज बेनेडिक्ट खाल्लं. दाखवायला म्हणून एक घास, आणि मग बहुधा खात्री करायला म्हणून उरलेलं सगळं. बोटाला लागलेली तर्री चाटत म्हणाले, "पन यात जरा तिखट जास्त हाय."

"आनखी एक प्लेट देऊ का?" भाऊनं मला विचारलं. मी मान हलवली. प्लेट आली ती गुरुजींसमोर, कारण पॅनकेक राहिले होते.

"भाऊ, तिथं अनलिमिटेड असते," ते म्हणाले. "कितीही खा. कोनी मोजत नाही."

"मंग गिऱ्हाईक उठते कवा?" भाऊचा धंद्याचा प्रश्न.

"दहा-साडेदहाले बंद करतात."

"बंद कराच लागते बाप्पा."

"मंग बाराले दुपारचं चालू."

भाऊ कढईकडे परत गेला. त्याच्यानं ऐकवलं नाही.

इथपर्यंत मी सोसलं असतं. पण गुरुजी रसावर आले. "मशीनचा रस फुकट भेटते. तो आपल्याले आवडला नाही. ताजा पिळलेला पायजे असन तर वेगळे पैसे. एक गिलास साडेतीनशे रुपयाले पडला. पन का रस होता! संत्रा म्हनावं तर त्याले."

साडेतीनशे. मला गेल्या हंगामात व्यापाऱ्यानं टनाला 18,000 दिले. किलोला 18 रुपये. एका ग्लासात चार संत्री पिळली असतील. हिशेब तुम्हीच करा, मी त्या रात्री पाटावर बसून तीनदा केला.

आणि तो आमचा संत्रा नव्हेच. तो जाड सालीचा, चाकूनं कापायचा, रसाचा वाण. आमचा हातानं सुटणारा, खायचा. आमच्या संत्र्याचा रस काढून ठेवला की थोड्या वेळानं कडू पडतो. लिमोनिन नावाचा पदार्थ त्याला कारण. प्रक्रिया उद्योग येणार, येणार, हे मी गुरुजींच्या वर्गात बसायचो तेव्हापासून ऐकतोय. रस मात्र थांबत नाही, कडू होतो. बांगलादेशात माल जायचा, त्यांनी आयात शुल्क वाढवत नेलं, तर इकडे भाव कोसळले. झाडाखाली फळगळीचा सडा पडतो तेव्हा बाई माणूस झाडू घेऊन येत नाही, रडायला येते. हे मी गुरुजींना सांगायला लागलो. खरंच लागलो. आवाजही चढला असावा, कारण पुतण्यानं मोबाईल खाली ठेवला.

गुरुजींनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "ते समदं खरं हाय. पन तू 'इम्पोर्ट ड्युटी'तला आर खाऊन रायला. इम्पोट नाही. इम्पोर्ट."

म्हणजे हा एक सायलेंट नव्हता.

चहा घेऊन गुरुजी उठले. "तिथं अजून एक मजा हाय," पायरी उतरता उतरता म्हणाले, "खिशात हात घालाच नाही लागत. पैसे पयलेच भरलेले." आणि खिशात हात न घालता गेले.

भाऊनं हिशेब केला. पोहे तीन प्लेट साठ, आलुबोंडे दोन तीस, चहा तीन तीस. एकशे वीस. तिसरी प्लेट आणि दुसरा बोंडा कधी आला ते मला आठवत नाही. बहुधा मी आयात शुल्कावर बोलत असताना. माझ्या पोटात पहिला घासही नव्हता, तो नोरोव्हायरसच्या वेळीच खाली ठेवलेला.

"दादा, गुरुजीचे तुमच्यातच धरले," भाऊ म्हणाला.

काल दुपारी झोपलो होतो तर गुरुजींचा फोन. "अबे, तुया धुऱ्याकडच्या वीस झाडायवर मृगाचा बहार हाय ना? तोडला का एक कॅरेट घरी आनून टाक. पोराले पुन्याले पाठवाचे हायेत. तिकडे लय महाग भेटतात." मी पैशाचं बोलावं म्हणून गप्प राहिलो. पलीकडून ते म्हणाले, "आयकू येऊन रायलं ना?"

"हो, गुरुजी," मी म्हणालो. "कोणती आणू, बारीक की मोठी?"

"मोठी."