मागींचे तीनतेरा

नाताळच्या देखाव्यातून बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेले तीन राजे काढून टाका, असा एक हट्ट गेली काही वर्षं डिसेंबर सरता सरता गावाकडून इकडे पोहोचतो. कारणं तयार असतात. बायबलमध्ये ‘तीन’ लिहिलेलं नाही, ‘राजे’ लिहिलेलं नाही, उंट नाहीत, आणि ते गोठ्यात आले असंही कुठे म्हटलेलं नाही. मग मेंढपाळांच्या शेजारी ही मुकुटवाली मंडळी कशाला? त्यावर दुसरी बाजू उसळते: अहो, त्यातला गास्पर तर आपला, भारताचा राजा! झालं. एकीकडे खोडरबर, दुसरीकडे अभिमान, आणि सणाचा अर्थ बिचारा दाराबाहेर. जर्मनीत कोलोनमध्ये राहणाऱ्याला हे जरा जास्तच झोंबतं. आमच्या शहराच्या चिन्हावरच तीन मुकुट आहेत, आणि त्या तिघांचे मानलेले अवशेष इथल्या कॅथेड्रलमध्ये.

खोडरबरवाल्यांचं अक्षरशः बरोबर आहे, हे आधीच कबूल करतो. मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात ‘पूर्वेकडून मागी लोक’ एवढंच आहे. किती, ते नाही. भेटवस्तू तीन (सोनं, ऊद, गंधरस) म्हणून माणसं तीन, हा नंतरचा हिशेब. सिरियातल्या जुन्या परंपरेत ते बारा आहेत. रोमच्या भुयारी दफनभूमींतल्या चित्रांत कुठे दोन, कुठे चार. अकराव्या वचनात ते ‘घरात’ जातात, गोठ्यात नाही. राजा हेरोद दोन वर्षांपर्यंतची मुलं मारायला सांगतो, म्हणजे मूल तान्हं नसावं. आणखी एक पुरावा त्यांच्याकडून सहसा येत नाही, तो मीच देतो. लूक सांगतो की चाळीस दिवसांच्या शुद्धीकरणाला मरीयेने होल्यांची जोडी किंवा पारव्याची दोन पिल्लं, असं अर्पण दिलं. लेवीयच्या बाराव्या अध्यायाप्रमाणे ही सवलत कोकरू न परवडणाऱ्या बाईसाठी. घरात सोनं आलेलं असतं तर कोकरू आलं असतं. म्हणजे मागी त्यानंतर आले असावेत.

घ्या, तुमचाच मुद्दा पक्का करून दिला. पण मग ‘मागी’ हा शब्दही तितक्याच कडकपणे वाचा की! मूळ ग्रीक शब्द ‘मागोस’. प्रेषितांच्या कृत्यांत तेराव्या अध्यायात हाच शब्द बर्येशूसाठी आहे, आणि तिथे आपलं मराठी भाषांतर बेधडक ‘जादूगार’ म्हणतं. मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायातल्या पाहुण्यांना मात्र आपण ‘मागी’ असं न कळणारं नाव दिलं, नाहीतर ‘ज्ञानी लोक’ करून टाकलं. खरं तर ही आकाशातले ग्रह-तारे पाहून भाकीत सांगणारी माणसं. आपल्या भाषेत ज्योतिषी. जे पाळक वर्षभर पत्रिका आणि मुहूर्ताविरुद्ध घसा कोरडा करतात, त्यांनी जानेवारीत या अध्यायावर बोलताना जरा अडखळायला हवं. देवाने या लोकांना बोलावलं ते त्यांच्याच पंचांगातून, आधी धर्म बदला मग या, असं न म्हणता. आणि ज्यांच्याकडे पवित्र शास्त्र होतं त्या मुख्य याजकांनी आणि शास्त्र्यांनी काय केलं? मीखा संदेष्ट्याचं वचन काढून बेथलेहेमचा पत्ता अचूक सांगितला आणि ते जागचे हलले नाहीत. यरुशलेम ते बेथलेहेम जेमतेम 9-10 किलोमीटर. पत्ता ठाऊक असलेले घरी बसले. वाट चुकून हेरोदाच्या राजवाड्यात शिरलेले मागी मात्र पुढे गेले. 6 जानेवारीच्या या सणाचं नाव ‘एपिफनी’, म्हणजे प्रकट होणं, ते या लोकांपुढे. सण मागींच्या संख्येचा नाही, परक्यांपुढे दिसलेल्या देवाचा आहे.

पूर्वेकडच्या मंडळ्यांमध्ये तर 6 जानेवारीला मागी मुख्य नसतातच, तिथे यार्देन नदीतला येशूचा बाप्तिस्मा मुख्य. आर्मेनियन मंडळी ख्रिस्तजन्मही अजून याच दिवशी पाळतात. आपल्या केरळातल्या सिरियन ख्रिस्ती लोकांचा ‘दनहा’ हाच. इरिंजालकुडाकडे केळीचा सोट उभा रोवून त्यावर दिवे खोचतात, त्यात एकही राजा लागत नाही. मग आपल्याच देखाव्यात राजे कुठून आले? स्तोत्र 72 मध्ये तार्शीश आणि शबाचे राजे नजराणे आणतात. यशया 60 मध्ये उंटांचे तांडे सोनं आणि ऊद घेऊन येतात. जुन्या ख्रिस्ती वाचकांनी मत्तय वाचताना ही दोन पानं उघडी ठेवली आणि मागींच्या डोक्यावर मुकुट चढले, खाली उंट आले. इटलीत रावेन्नाच्या सहाव्या शतकातल्या मोझेकमध्ये गास्पर, मेल्किओर, बाल्थासार ही नावं दिसतात, पण तिथल्या तिघांना मुकुट नाहीत. पुढे झुकलेल्या इराणी टोप्या आणि नक्षीदार घट्ट विजारी आहेत. एक तरुण, एक मध्यमवयीन, एक म्हातारा, हेही तिथेच दिसतं. पुढे पंधराव्या शतकाच्या सुमारास एक काळा झाला. ज्या त्या समाजाने आपला एक माणूस रांगेत उभा करून घेतला, एवढंच. याला कुणी भेसळ म्हणो. मला ते उत्तम वाचन वाटतं.

‘गास्पर आपला’वाल्यांना दोन शब्द. गोंडोफारेस नावाचा इंडो-पार्थियन राजा खरोखर होता, पहिल्या शतकात, तक्षशिला-गांधाराकडे. तख्त-ए-बाहीच्या शिलालेखात त्याचं नाव आहे. संत थोमाच्या जुन्या कथेतला राजा गुंदाफर तो हाच. या नावाचा अपभ्रंश होत होत ‘गास्पर’ झाला, असं काही अभ्यासक मानतात. पण नाव तिथून आलं म्हणजे माणूस तिथून आला, असं होत नाही. बेथलेहेमला गेलेला कुणी सातबारा दाखवून गेला नव्हता.

भेटवस्तूंवर मात्र गावाकडे कुणी भांडत नाही, याचं नवल वाटतं. मराठी माणसाला बोलण्यासारखं खरं तिथेच आहे. आपल्या बायबलात ‘सोने, ऊद व गंधरस’ आहे. गंधरस म्हणजे आपला हिराबोळ. बाळंतिणीला देतात तो, कडूजहर. बाळ असलेल्या घरात हिराबोळ घेऊन येणारा पाहुणा नगरच्या आजीला मुळीच विचित्र वाटणार नाही. युरोपातल्या प्रवचनात मात्र गंधरस म्हणजे थेट मरण. वधस्तंभावर देऊ केलेल्या द्राक्षारसात तो होता आणि निकदेमाने प्रेताला लावायला आणला त्यातही. दोन्ही अर्थ एकाच डिंकात आहेत. उदाचं वेगळं. आपल्या बाजारात ऊद किंवा लोबान म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा सुमात्रा-जावाकडच्या झाडाचं, गोडसर वासाचं. मागींचा ऊद अरबस्तान-सोमालियाकडच्या झाडाचा, लिंबासारखा तरतरीत. त्याचं सख्खं भावंड आपल्याकडे सातपुड्यात आहे: सालई. देखाव्यापुढे धूप घालायचाच असेल तर सालईचा डिंक घाला, बायबलच्या जास्त जवळ जाल. इतकं अक्षरशः वाचायचं असेल तर नाकानेही वाचा.

आता इकडचं. इथे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात फुटपाथवर सुकलेल्या ख्रिसमस ट्रींचा ढीग आणि त्यामधून वाट काढत कागदी मुकुट घातलेली पोरं. तीन राजे, आणि चौथ्याच्या हातात काठीवरचा तारा. हे ‘स्टेर्नझिंगर’, म्हणजे तारा घेऊन गाणारे. 1959 पासून ही मोहीम देशभर एकत्र चालते, आणि अलीकडे दरवर्षी चार कोटी युरोंहून जास्त रक्कम जगभरच्या मुलांसाठी जमते. पोरं गातात, सीलबंद डबा पुढे करतात आणि आशीर्वाद दिलेल्या खडूने चौकटीवर लिहितात: 20*C+M+B+26. पहिले दोन आणि शेवटचे दोन आकडे मिळून वर्ष, चांदणी म्हणजे तारा, तीन क्रूस त्रैक्याचे. तीन अक्षरं राजांच्या नावांची (गास्पर इकडे कास्पर) असं सगळे समजतात, पण त्यांत एक लॅटिन वाक्य आहे: ख्रिस्त या घराला आशीर्वाद देवो. गंमत बघा, राजे पुसले तरी आशीर्वाद उरतो.

यात चुकतं काय, तेही सांगतो, कारण हल्ली आपल्याकडेही काही घरं हे करू लागली आहेत. खडू लाकडावर आणि रंग न दिलेल्या दगडावर धरतो. प्लास्टिकच्या चौकटीवर नुसता घसरतो. तिथे काळी चिकटपट्टी लावतात. पण ती वर्षभराने काढताना गोंद राहतो आणि हाउसमाइस्टर, म्हणजे इमारत सांभाळणारा, बोंबलतो. मुलांचा हात पोचत नाही म्हणून स्टूल आधीच दारात ठेवावं. गेल्या वर्षीचे आकडे आधी ओल्या फडक्याने पुसून वाळू द्यावेत. ओल्यावर लिहिलं की चिखल होतो. धूपदाणीत खाली वाळूचा थर हवा. कोळशाची वडी चिमट्याने कडेला धरून पेटवायची. ठिणग्या सरसरत पलीकडे जातात आणि वाटतं झालं, पण झालेलं नसतं. पाच-दहा मिनिटांनी वडीवर राखाडी थर आला की मगच हरभऱ्याएवढे तीन-चार खडे टाकायचे. घाई केली तर उदाऐवजी कोळशातल्या सोऱ्याचा वास. मूठभर टाकले तर डिंक वितळून कोळसाच गुदमरतो. आणि इथल्या फ्लॅटमध्ये हे सगळं दाराबाहेर, नाहीतर छतावरचा स्मोक डिटेक्टर राजांच्या आधी गायला लागतो.

हे वाचून ‘तिकडे किती छान’ असं म्हणू नका. भारतात सण जवळच्या रविवारी ढकलतात म्हणून इकडचे आपले लोक नाकं मुरडतात, त्यात मीही आलो. पण कोलोनमध्ये 6 जानेवारी हा सरळ कामाचा दिवस आहे. सुट्टी दक्षिणेतल्या बायर्न (बव्हेरिया) राज्यवाल्यांना, ज्यांच्याकडे त्या तिघांचे अवशेष नाहीतच. आणि राजे काढून टाकणं इकडेही झालंय: 2020 मध्ये उल्मच्या मोठ्या प्रोटेस्टंट देवळाने देखाव्यातून तिघेही बाजूला ठेवले, कारण काळ्या राजाची जुनी लाकडी मूर्ती अपमानास्पद होती. तो वाद मला पटला. मूर्तीने कुणाची तरी टिंगल केली होती. गावाकडचा वाद फक्त वचनांची मोजणी करतो.

आणि या तिघांचे अवशेष ठेवलेली आमची सोन्याची पेटी? लुटीचा माल, दुसरं काय! बार्बारोसा सम्राटाने मिलान शहर मोडलं आणि 1164 मध्ये त्याचा चॅन्सेलर, आर्चबिशप रायनाल्ड, तिथले अवशेष इकडे घेऊन आला. ते कुणाचे, हे इतिहास ठरवू शकत नाही. 1164 च्या आधीची वाट धूसर आहे. पण त्यांच्यासाठी 220 सेंटिमीटर लांब पेटी घडली, पेटीसाठी 1248 मध्ये कॅथेड्रल सुरू झालं आणि ते संपायला 1880 उजाडलं. सहा तारखेला पेटीच्या पुढची पाटी काढतात आणि जाळीमागे मुकुट घातलेल्या कवट्या दिसतात. मला कवट्यांपेक्षा दर्शनी भागातली एक आकृती जवळची वाटते. तीन राजे बाळाकडे निघालेत आणि त्यांच्या मागे चौथा उभा आहे: चौथा ओट्टो, जर्मनांचा राजा, ज्याने पेटीला सोनं दिलं. तिघांना मुकुट आहेत, याला नाही. पैसे भरले म्हणून रांगेत जागा मिळाली, पण शेवटची, आणि बोडक्याने.

खरं सांगायचं तर देखाव्याच्या या वादात माझी बाजू शुद्ध धर्मशास्त्राची नाहीच. परदेशात राहणाऱ्याला घरची एकही वस्तू हललेली खपत नाही. कापसाचे ढग, खाकी कागदाचे डोंगर, वाटीत पेरून उगवलेली नाचणी आणि रंग उडालेले तीन राजे, हे सगळं सोडून आलो त्याच जागी राहावं असं वाटतं. इकडे मी पूर्वेकडून आलेला. तिकडे आता ‘बाहेरचा, त्याला काय कळतंय’. दोन्हीकडे दारात उभा. मग ज्या एका सणात दारात उभा असलेला परका हाच मुख्य पाहुणा असतो, त्यातून त्यालाच पुसायला निघालेल्यांचा राग येतो. गोव्यात रेईश मागूशला मंडोवीकाठी या तिघांच्या नावाचं देऊळ 1555 पासून आहे आणि सहा जानेवारीला तिथे गावची पोरं राजे होऊन निघतात. ‘बायबलात नाही’ म्हणून त्यांना घोड्यावरून उतरवणार का?

तोडगा हवा असेल तर साधा आहे, आणि तो खोडरबरवाल्यांनाही चालावा. राजे फेकू नका, लांब ठेवा. 24 डिसेंबरला गोठा मांडला की तिघांना खोलीच्या पूर्वेकडच्या खिडकीत उभं करा आणि रोज एक वीत पुढे सरकवा. 6 तारखेला पोचले पाहिजेत, म्हणजे तेरा मुक्काम. आधी अंतर मोजून तेराने भागा, नाहीतर नवीन वर्षालाच गोठ्यात घुसतात. अडचण एकच: बाजारातल्या संचात एक राजा हमखास गुडघे टेकलेला असतो, तो तेरा दिवस गुडघ्यांवर फरफटताना बरा दिसत नाही. त्याला उंटाच्या आड ठेवा. पोचल्यावर मेंढपाळ बाजूला करा, म्हणजे ‘घरात’ हे वचनही राखलं जातं. आणि सात तारखेला आवरताना आलेल्या वाटेने नेऊ नका. बाराव्या वचनात ‘दुसऱ्या वाटेने’ आहे. कपाटामागून न्या.