पॅकर्सच्या स्पेशल टीम्स: कोच हाकलण्याआधी यादीतली शेवटची दहा नावं बघा

ग्रीन बे पॅकर्स या अमेरिकन फुटबॉल (NFL) संघाची मॅच स्पेशल टीम्समुळे, म्हणजे किकच्या खेळींवर उतरणाऱ्या युनिटांमुळे, हातची गेली की पुढचा आठवडाभर एकच घोषणा चालते: कोऑर्डिनेटरला, म्हणजे त्या युनिटांच्या कोचला, हाकला. मोजून बघा, २०१४ च्या सीझनपासून शॉन स्लोकम, रॉन झूक, शॉन मेनेंगा, मॉरिस ड्रेटन, रिच बिसाचिया, इतकी नावं झाली. दुखणं मात्र दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा डोकं वर काढतं. माझ्या मते निम्म्याहून जास्त दोष कोचच्या खोलीत नसून ५३ जणांची यादी जिथे ठरते तिथे आहे. कुठली चूक कोणाच्या खात्यात टाकायची, हे ठरवूनच भांडू या.

२२ जानेवारी २०२२, प्लेऑफची (बाद फेरीची) मॅच, पॅकर्सचं घरचं मैदान लॅम्बो, समोर सॅन फ्रान्सिस्को. हाफटाइमच्या तोंडावर आपला किकर मेसन क्रॉस्बीची ३९ यार्डांची फील्ड गोल किक (गोलपोस्टमधून गेली तर तीन गुण) त्यांच्या जिमी वॉर्डने अडवली. दुसरा हाफ सुरू होताच त्यांच्याच डीबो सॅम्युएलने किकऑफ (खेळ सुरू करणारी लांब किक) ४५ यार्ड परत आणला. पॅकर्सची १०-३ अशी आघाडी असताना, ४ मिनिटं ४१ सेकंद उरलेली, जॉर्डन विलिसने पंट (चेंडू समोरच्या संघाकडे दूर धाडायची किक) अडवला आणि हुफांगाने तो चेंडू उचलून टचडाउन केला. शेवटी रॉबी गोल्डची ४५ यार्डांची किक आणि १३-१०. त्या शेवटच्या किकला पॅकर्सचे मैदानावर अकराऐवजी दहाच खेळाडू होते! डिफेन्सने अख्ख्या मॅचमध्ये एकही टचडाउन दिला नव्हता, तरी सीझन संपला.

यातले दहा खेळाडू हा शंभर टक्के कोचचा गुन्हा. माणसं मोजणं हे त्याचंच काम, तिथे वाद नाही. पण पंट का अडला ते नीट बघा.

पंटर (पंट मारणारा) स्नॅपरच्या, म्हणजे पायांमधून चेंडू मागे फेकणाऱ्याच्या, साधारण १५ यार्ड मागे उभा असतो. चेंडू तिथे पोचायला पाऊण ते ०.८ सेकंद, हातात आल्यापासून पायाला लागेपर्यंत १.३ सेकंद. म्हणजे सगळा खेळ २.१ सेकंदांचा. स्नॅप (ती फेक) गुडघ्यापाशी किंवा बाजूला आला तरी एक दशांश जातो, आणि अडवायला येणाऱ्याला तेवढा पुरतो. संरक्षणाला स्नॅपर, दोन गार्ड, दोन टॅकल, दोन विंग आणि पाचेक यार्ड मागे पर्सनल प्रोटेक्टर. दोन गनर (चेंडू घेणाऱ्याकडे धावणारे) बाहेर, कारण चेंडूला पाय लागायच्या आधी लाइन ओलांडायची परवानगी त्या दोघांनाच असते. या साखळीत सगळ्यात कच्चा माणूस म्हणजे स्नॅपर. मान खाली, दोन्ही हात पायांच्या मध्ये, चेंडू सोडल्यावर डोकं वर काढून त्याला लगेच ब्लॉक करायचा असतो. विलिसने त्या रात्री स्नॅपर स्टीव्हन वर्टेललाच मागे रेटत नेलं. वर्टेलकडे ते काम आलं होतं नोव्हेंबरमध्ये, आधीच्या हंटर ब्रॅडलीला काढून. सीझनच्या मध्यावर स्नॅपर बदलायची पाळी येते तेव्हा उन्हाळ्यातच त्या जागेकडे कोणी पुरेसं लक्ष दिलेलं नसतं. हा निर्णय एकट्या ड्रेटनचा, म्हणजे त्या वर्षीच्या कोचचा, कसा?

किकिंगचंही तसंच. २०२० मध्ये क्रॉस्बी १६ पैकी १६. २०२१ मध्ये ३४ पैकी २५, सिनसिनाटीच्या एकाच मॅचमध्ये तीन फील्ड गोल आणि एक एक्स्ट्रा पॉइंट (टचडाउननंतरची एका गुणाची किक) हुकले. वय झालं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण त्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी ट्रेड करून नवा पंटर, कोरी बोहोर्केझ, आणला आणि पंटर बदलला की होल्डरही बदलतो, कारण किकसाठी चेंडू धरायचं काम बहुधा पंटरच करतो. पुढे स्नॅपरही बदलला. फील्ड गोलला स्नॅपपासून पाय लागेपर्यंत सुमारे १.३ सेकंद मिळतात. तेवढ्यात होल्डरने चेंडू पकडायचा, टेकवायचा, शिवण गोलपोस्टकडे फिरवायची आणि किकरला हवा तसा कलता धरायचा. तिघांची लय जमायला हजारो सराव लागतात. लय चुकली की किकर पाय टाकताना क्षणभर अडखळतो आणि चेंडू बाहेर जातो. टीव्हीवर दिसतो फक्त क्रॉस्बी.

आता यादीचं गणित. ५३ पैकी तिघे स्पेशलिस्ट (किकर, पंटर, स्नॅपर). मॅचच्या दिवशी ४८ जण (आठ ऑफेन्सिव्ह लाइनमन असतील तर, नाहीतर ४७). क्वार्टरबॅक, लाइनमन आणि मुख्य स्टार्टर वगळले की किकऑफ, किकऑफ रिटर्न, पंट आणि पंट रिटर्न या चारही युनिटांत धावणारे जेमतेम दहा-बारा उरतात. तिथे जनरल मॅनेजर पुढच्या वर्षासाठी ठेवलेली पोरं भरत राहिला, तर कोचने टॅकल करणारा माणूस आणायचा कुठून?

बिसाचिया आल्यावर पहिल्यांदा त्याला त्याची माणसं मिळाली: कीशॉन निक्सन आणि डॅलिन लेव्हिट रेडर्समधून, शिवाय रूडी फोर्ड. तरीही २०२२ मध्ये रिटर्नला, म्हणजे किक परत आणायला, नोव्हेंबरपर्यंत अमारी रॉजर्स उभा राहिला, चेंडू हातातून सुटत असूनही. का? ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) तिसऱ्या राउंडचा पिक. डॅलसविरुद्ध पुन्हा सुटला तेव्हा कुठे त्याला सोडलं, आणि त्या जागी आलेला निक्सन त्याच वर्षी ऑल-प्रो (लीगमधल्या सर्वोत्तमांत) झाला. माणूस संघातच होता!

मात्र बिसाचियाला सगळं माफ नाही. २०२३ मध्ये सहाव्या राउंडला किकर अँडर्स कार्लसन घेतला. याचा थोरला भाऊ डॅनियल रेडर्समध्ये बिसाचियाच्याच हाताखाली नावारूपाला आला. त्याआधी २०१८ मध्ये लॅम्बोवर तीन किक हुकल्यावर मिनेसोटाने डॅनियलला काढलं होतं. धाकट्याबाबत धीर धरण्यामागे हा अनुभव असावा, असा माझा अंदाज. पण तेव्हा दुसऱ्याने टाकलेला किकर उचलला होता. इथे बिसाचिया प्लेऑफला जाणाऱ्या संघात नवख्याला शिकवत होता. पाच एक्स्ट्रा पॉइंट हुकले, आणि प्लेऑफमध्ये सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध २१-१७ अशी आघाडी असताना ४१ यार्डांची किकही. हरले २४-२१. पुढच्या वर्षी वेव्हरवरून (दुसऱ्या संघाने सोडलेला) किकर नार्व्हसन, १७ पैकी १२. मग ऑक्टोबरमध्ये ब्रँडन मॅकमॅनस, पहिल्याच मॅचला ह्यूस्टनविरुद्ध शेवटच्या सेकंदाला विजयी किक, आणि त्या सीझनला २१ पैकी २०. अनुभवी किकरचे जे पैसे दोन वर्षं वाचवले, ते कुठे कामी आले कोणी सांगेल का?

उलट २०२५ च्या सप्टेंबरमध्ये क्लीव्हलँडने ४३ यार्डांची किक अडवली आणि १३-१० जिंकले. पुढच्याच आठवड्यात डॅलसने एक्स्ट्रा पॉइंट अडवून दोन गुण नेले, मॅच ४०-४० बरोबरीत. हे मात्र कोचच्या खात्यात. फील्ड गोलच्या लाइनमध्ये बहुतेक नेहमीचेच लाइनमन असतात, यादीत कोण आहे याचा तिथे प्रश्न येत नाही. पाय शेजाऱ्याच्या पायाशी जुळवायचा, आधी आतली फट बंद करायची, कंबर खाली ठेवायची. समोरून कोण दाबणार हे फिल्ममध्ये दिसतं. एकदा अडली तर समजू शकतो, पण लागोपाठ दोन आठवडे?

२०२४ पासून किकऑफचा नियम बदलला, आणि २०२५ पासून थेट एंड झोनमध्ये गेलेल्या टचबॅकला (परत न आणलेल्या किकला) चेंडू ३५ यार्डावर मिळतो. साहजिकच रिटर्न वाढले आणि कव्हरेजमधल्या (रिटर्न अडवायला) धावणाऱ्यांची किंमतही. त्यामुळे मॅचच्या दीड तास आधी इनॅक्टिव्हची (त्या दिवशी न खेळणाऱ्यांची) यादी लागते ती उघडून बघा. कव्हरेजला धावणारे बचावपटू, म्हणजे पाचवा-सहावा कॉर्नर आणि चौथा सेफ्टी, बाहेर, आणि ज्याला एकदाही मैदानात उतरायला मिळणार नाही असा ड्राफ्ट पिक आत असेल, तर त्या दिवशीच्या कव्हरेजवर ओरडताना जनरल मॅनेजर गुटेकुन्स्टचं नाव आधी घ्या.