खटला न चाललेला माणूस

दर महिन्याच्या अखेरीस मी कोपऱ्यावरच्या कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानात, जाऊन राष्ट्रीय पेन्शनचा हप्ता भरते. तोक्योत मी भाषांतराची कामं करते, कुणाच्या पगारावर नाही. त्यामुळे वर्षभराच्या हप्त्यांच्या चिठ्ठ्यांचा जाड लिफाफा घरी येतो आणि काउंटरवरची मुलगी एकेक चिठ्ठी शिक्का मारून परत देते. हा पेन्शनचा कायदा १९५९ चा, किशी नोबुसुके या पंतप्रधानाच्या सरकारने आणलेला. किमान वेतनाचा कायदाही त्याच वर्षीचा, त्याच सरकारचा. १९६१ पासून इथे प्रत्येकाला आरोग्यविमा मिळू लागला, त्याचा कायदाही याच माणसाच्या कारकिर्दीत झाला. आम्हा परदेशी लोकांना या पेन्शनचं दार १९८२ मध्ये उघडलं, पण आज माझ्या म्हातारपणाची तरतूद त्यातूनच होते आहे.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी लिहिणार आहे ते किशीच्या विरोधात आहे, आणि त्याने केलेलं काम मला माहीत नाही असं कुणाला वाटू नये.

निमित्त मामांच्या फोनचं. मामा सांगलीला असतात, जन्मभर शिक्षकी केली, रोज तीन पेपर वाचतात. चौकशी चालू असलेला तिकडचा एक पुढारी पक्ष बदलून मंत्री झाला आणि त्यावरून मामांच्या सकाळच्या फिरायच्या मंडळींत दोन तट पडले. मामा म्हणाले, "अगं, कोर्टानं दोषी ठरवलंय का त्याला? नाही ना? मग कशाला उगाळत बसायचं? तुमच्या जपानकडं बघ. युद्धातल्या आरोपीला पंतप्रधान केलं आणि देश कुठल्या कुठं नेला. आपण मात्र अजून फायली मोजतोय."

हा युक्तिवाद मी एकट्या मामांकडूनच ऐकलेला नाही. इथे गणपतीला जमणारी आपली मंडळीही असंच बोलतात: जपान मागचं विसरला म्हणून पुढे गेला. इतकी वर्षं इथे राहून मला हे पटत नाही.

किशीचा जन्म १८९६ चा, यामागुची प्रांतातला. घरचं आडनाव सातो. वडिलांच्या मूळ किशी घराण्यात दत्तक गेला म्हणून तो किशी, आणि त्याचा सख्खा धाकटा भाऊ सातो एइसाकू. तोही पुढे पंतप्रधान झाला. शिंझो आबे हे किशीच्या मुलीचे चिरंजीव. म्हणजे हे घराणं इथे अगदी परवापर्यंत सत्तेत होतं.

१९३६ मध्ये किशी मांचुरियात गेला. जपानने चीनकडून बळकावलेला हा मुलूख नावाला स्वतंत्र देश, कारभार सगळा जपानी लष्कराच्या मर्जीने चालायचा. तिथल्या उद्योगांची पंचवार्षिक योजना किशीच्या हाताखालची. कारखाने आणि खाणी उभ्या राहिल्या त्या चिनी मजुरांच्या वेठबिगारीवर. ऑक्टोबर १९४१ मध्ये तो युद्धकाळातला पंतप्रधान तोजो याच्या मंत्रिमंडळात व्यापार आणि उद्योगमंत्री झाला. अमेरिका आणि ब्रिटनविरुद्धच्या ८ डिसेंबरच्या युद्धघोषणेवर त्याची सही आहे. पुढे १९४४ च्या उन्हाळ्यात सायपान बेट अमेरिकेच्या हाती पडल्यावर मंत्रिमंडळ बदलून टिकू पाहणाऱ्या तोजोला त्याने राजीनामा द्यायला नकार दिला, आणि तोजोचं सरकार कोसळलं. वारं कुठून वाहतं आहे हे त्याला कायम आधी कळायचं.

शरणागतीनंतर पहिल्या वर्गाचा युद्धगुन्हेगार असल्याच्या संशयावरून त्याला पकडलं. सुगामो तुरुंगात तो तीन वर्षं होता. २३ डिसेंबर १९४८ ला त्याच तुरुंगात तोजोसह सात जणांना फाशी दिली आणि दुसऱ्या दिवशी, २४ तारखेला, किशी सुटला. खटला चाललाच नाही. शीतयुद्ध सुरू झालं होतं, अमेरिकेला जपानात कम्युनिस्टांसमोर उभी राहतील अशी अनुभवी माणसं हवी होती, आणि जुने हिशेब काढायची तिची घाई संपली होती.

मग १९५२ मध्ये सार्वजनिक पदांवरची बंदी उठली, १९५३ मध्ये तो संसदेत आला. १९५५ मध्ये उजवे पक्ष एक होऊन लिबरल डेमोक्रॅटिक पक्ष झाला, त्याचा पहिला सरचिटणीस किशी. डिसेंबर १९५६ मध्ये पक्षाध्यक्षपदाच्या निवडणुकीत इशिबाशी तान्झानकडून तो सात मतांनी हरला. दोन महिन्यांत इशिबाशी आजारी पडले आणि फेब्रुवारी १९५७ मध्ये किशी पंतप्रधान झाला. कोठडीतून त्या खुर्चीपर्यंत आठ वर्षं आणि दोन महिने.

त्याच वर्षी मे महिन्यात तो दिल्लीला आला, नेहरूंनी त्याचं मनापासून स्वागत केलं. १९५८ मध्ये जपानने पहिलंवहिलं येन-कर्ज दिलं ते भारताला. आपल्याकडे या मैत्रीचं बोलणं निघालं की हमखास न्यायमूर्ती राधाविनोद पाल, म्हणजे तोक्योच्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्यातले भारतीय न्यायाधीश, यांचं नाव येतं. "आपल्या माणसानं जपानला निर्दोष ठरवलं," असं मामाही म्हणाले. इथे मला थांबवावंसं वाटलं. पालबाबूंनी सगळ्या आरोपींना दोषमुक्त केलं ते कायद्याच्या मुद्द्यावर: कृत्य घडल्यानंतर कायदा करून जेत्यांनी पराभूतांना शिक्षा देऊ नये. जपानी सैन्याने अत्याचार केले याचा पुरावा भक्कम आहे, हे त्याच निकालपत्रात त्यांनी लिहिलं आहे. आणि किशीचा तर त्या निकालाशी संबंधच नाही. तोक्योच्या खटल्यात आरोपी होते अठ्ठावीस, त्यांत किशी नव्हता. पालांनी त्याला सोडलं नाही, बाकीच्या न्यायाधीशांनी धरलं नाही. त्याच्यापुढे कुणी कागद ठेवून विचारलंच नाही की ही सही तुझी का?

"कोर्टानं दोषी ठरवलं नाही" आणि "कोर्टात उभंच केलं नाही" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपल्याकडच्या चर्चेत हा फरक रोज पुसला जातो. चौकशी थंड्या बस्त्यात गेली की ती क्लीन चिट समजली जाते, आणि वर निवडून आला की जनतेच्या कोर्टात सुटला म्हणतात.

नोव्हेंबर १९४२ मध्ये तोजोच्या मंत्रिमंडळाने चिनी मजूर जपानात आणायचं ठरवलं तेव्हा किशी उद्योगमंत्री होता. सुमारे ३९ हजार माणसं आणली गेली. त्यातली ६,८०० हून जास्त इथेच मेली. त्या हजारोंतला एक ल्यू लिएनरेन. शांडोंग प्रांतातला शेतकरी. १९४४ मध्ये त्याला गावातून धरून नेलं तेव्हा बायको गरोदर होती. होक्काइदोच्या कोळसा खाणीत जुंपलं. जुलै १९४५ मध्ये तो पळाला आणि डोंगरात लपला. महिन्याभरात युद्ध संपलं, पण ते त्याला सांगणार कोण? तो लपूनच राहिला. होक्काइदोच्या हिवाळ्यात मी एकदा चार दिवस होते. छातीएवढा बर्फ, दुपारी चारला अंधार. तिथे हा माणूस जमिनीत बीळ खणून तेरा हिवाळे राहिला. फेब्रुवारी १९५८ मध्ये एका शिकाऱ्याला तो सापडला.

त्या वेळी पंतप्रधान होता किशी. ज्या मंत्रिमंडळाने ल्यूला ओढून आणलं त्यात बसलेला माणूस आता देशाचा प्रमुख होता. आणि त्याच्या सरकारच्या अधिकाऱ्यांनी ल्यूलाच बेकायदा घुसखोर ठरवून चौकशी सुरू केली. माफी नाही, भरपाई नाही. खटला झाला असता, ते कागद उघड्या कोर्टात वाचले गेले असते, तर दहा वर्षांनी त्या माणसासमोर अधिकाऱ्यांची असं वागायची हिंमत झाली नसती असं मला वाटतं.

आणि जपानी लोक विसरले होते म्हणावं, तर १९६० चं काय? अमेरिकेशी सुरक्षा करार मंजूर करून घ्यायला किशीने १९ मे च्या रात्री पोलिसांकरवी विरोधी खासदारांना सभागृहातून उचलून बाहेर काढलं. लाखो माणसं रस्त्यावर आली. १५ जूनला संसदेच्या आवारात कान्बा मिचिको ही बावीस वर्षांची विद्यार्थिनी मरण पावली. आयसेनहॉवर यांना दौरा रद्द करावा लागला, किशीला पद सोडावं लागलं. कराराला विरोध होताच, पण तोजोच्या मंत्र्याने संसदेत पोलीस घातले ही गोष्ट लोकांच्या जिव्हारी लागली होती. पंधरा वर्षांत कुणी काही विसरलं नव्हतं.

सुगामोच्या जागेवर आता इकेबुकुरोची साठमजली इमारत आहे. शेजारच्या बागेत एक दगड आहे, समोर शाश्वत शांतीची इच्छा कोरलेली. मागे लिहिलं आहे की युद्धगुन्ह्यांच्या शिक्षा इथे अमलात आणल्या गेल्या. खटल्यावाचून बाहेर पडलेल्यांबद्दल त्यावर एक अक्षर नाही.

मामांना मी पेन्शनचंही सांगितलं आणि ल्यूचंही. त्यांना म्हटलं, तुमच्या पुढाऱ्याने रस्ते केले असतील तर ते जरूर मोजा, पण खटला चालवा म्हणणाऱ्यांना गप्प करू नका. मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या माणसाला शेवटी काही मिळालं का गं?"

ल्यू सप्टेंबर २००० मध्ये वारला. २००१ मध्ये तोक्योच्या जिल्हा न्यायालयाने त्याच्या कुटुंबाला दोन कोटी येन द्यायचा आदेश सरकारला दिला. सरकार अपिलात गेलं. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला.