शेती झोन म्हणजे जमीन गेली? नाही, जरा थांबा

ग्रुपवर तो मेसेज परत फिरतोय, की प्रादेशिक आराखड्यात जमीन शेतीसाठी राखीव दाखवली की ती सरकारजमा होते आणि शहराची वाढ कायमची बंद पडते. दोन्ही चूक आहे.

झोनिंगने, म्हणजे कुठली जमीन कशासाठी वापरायची हे आराखड्यात ठरवल्याने, मालकी बदलत नाही. जमीन तुमच्याच नावावर राहते, विकता येते, मुलांना देता येते, फक्त तिथे काय बांधायचं यावर मर्यादा येते. आता त्या मर्यादेने भाव पडतो ही शेतकऱ्याची तक्रार मात्र खरी आहे, ती उडवून लावू नका. अमेरिकेत मेरीलँडच्या माँटगोमेरी काउंटीने 1980 मध्ये सुमारे 93,000 एकर शेतीसाठी राखले, 25 एकरांना एक घर असा नियम केला आणि बदल्यात 5 एकरांमागे एक बांधकाम-हक्क दिला, तो शेतकरी बिल्डरला विकतो आणि बिल्डर ते जादा बांधकाम शहराजवळ करतो.

वाढीचं म्हणाल तर ओरेगॉन राज्यात 1973 च्या कायद्याने प्रत्येक शहराभोवती वाढीची हद्द आखावी लागते, पण हद्दीच्या आत पुढच्या 20 वर्षांच्या घरांना पुरेल एवढी जागा ठेवणं बंधनकारक आहे, आणि पोर्टलंडची हद्द तर कितीतरी वेळा वाढवलीये.

मग ही मर्यादा हवी कशाला? कारण शेतीचं खरं नुकसान सुट्या बंगल्यांनी होतं. शेताच्या मधोमध चार घरं आली की पाटाचं पाणी अडतं, ट्रॅक्टरला वळायला जागा उरत नाही, फवारणीवरून भांडणं लागतात, मग शेजारचाही कंटाळून विकतो.