तालमीचे पैसे कोण देणार?

ठाण्यातल्या माझ्या जुन्या नाटकवेड्या मंडळींत सध्या जोरात वाद चालू आहे: मालिकेत अडकलेल्या नटांनी नाटक घ्यावं का? दिवसभर घोडबंदर रोडला शूटिंग, तालमीला पोचेपर्यंत रात्रीचे दहा, आणि समोरचा नट आलाच नाही तर त्याच्या जागी संहिता हातात घेऊन उभा असलेला सहायक दिग्दर्शक. असं उरकलेलं नाटक गडकरी रंगायतनला तिकीट काढून का बघायचं, असं काहीजण विचारतात. बाकीचे म्हणतात, नुसत्या नाइटवर, म्हणजे प्रयोगामागे मिळणाऱ्या मानधनावर, घर चालत नाही. बर्लिनमध्ये बसून हे वाचताना मला राहून राहून वाटतं, की आपण नटाच्या निष्ठेचीच झडती घेतोय. तालमीच्या दिवसांचे त्याला बहुतेक वेळा काहीच मिळत नाहीत, हे कुणी बोलत नाही.

तालमीत नक्की काय होतं? वाक्यं तर घरीही पाठ होतात. समोरच्याने पॉज जरा लांबवला तर माझं पुढचं वाक्य त्याच पट्टीत येऊन चालत नाही. लाफ्टर आला की तो ओसरू द्यायचा की त्याच्यावरच वाक्य टाकायचं, हे दोघांनी मिळून ठरतं. सहकलाकाराचं वाक्य दरवेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकायचं, ही सगळ्यात अवघड गोष्ट, आणि ती एकट्याला करता येत नाही. मालिकेच्या सेटवर क्लोजअपच्या वेळी समोरचा नट अनेकदा निघून गेलेला असतो. कॅमेऱ्याशेजारून कुणीतरी त्याचं वाक्य कोरडेपणाने वाचून क्यू देतो. महिनोन्महिने तसं काम केलं की ऐकायची सवय मोडते. मग रंगमंचावर दोन गुणी नट शेजारी उभे राहून आपापलं स्वगत म्हणतात. हे बघताना मला फार वाईट वाटतं, कारण दोघांचीही कुवत मला माहीत असते.

जर्मनीत सार्वजनिक पैशावर चालणारी सुमारे १४० नाट्यगृहं आहेत आणि त्यांतले बरेच नट मासिक पगारावर असतात. नव्या नाटकाची तालीम साधारण सहा ते आठ आठवडे चालते आणि पगार चालूच राहतो. नाटककार ब्रेख्त आणि अभिनेत्री हेलेने वायगेल यांनी १९४९ मध्ये बर्लिनर एन्सांबल ही नाट्यसंस्था उभी केली, तिथे काही नाटकांच्या तालमी महिनोन्महिने चालत. आपल्याला हे परकं नाही. जर्मनीतल्या वायमारचे दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ आणि आपल्या विजया मेहता यांनी १९७० च्या दशकात एकत्र काम केलं, तेव्हा ही शिस्त मराठी नटांनी जवळून पाहिली.

पण इथलं सगळं उचलून ठाण्यात आणा, असं मी म्हणणार नाही. इथे नटाचा करार सहसा वर्षावर्षाने पुढे सरकतो. एकाच नाट्यगृहात १५ वर्षं झाली की त्याला सहज काढता येत नाही, म्हणून अनेकांना त्याआधीच निरोप मिळतो. शिवाय एकेक नाटक महिन्यातून मोजकेच वेळा लागतं. आपल्याकडे चाललेल्या नाटकाचे शेकडो प्रयोग होतात, वाशीच्या भावे नाट्यगृहापासून पुण्यापर्यंत बसने जाताना प्रवेश पुन्हा पुन्हा चर्चेत निघतो, आणि शंभराव्या प्रयोगाला नट एकमेकांना कसे सांभाळून घेतात ते बघण्यासारखं असतं. ही श्रीमंती बर्लिनमध्ये मला क्वचित दिसते. फक्त पहिल्या दहा प्रयोगांचं तिकीट काढणाऱ्याने तोवर काय बघायचं?

ठाण्यातली गडकरी आणि घाणेकर ही दोन्ही नाट्यगृहं पालिकेची. आठवड्याच्या मधल्या दिवशी जेव्हा प्रयोग नसेल, तेव्हा ती नव्या नाटकाला नाममात्र भाड्यात तालमीसाठी द्यावीत. निर्मात्याने तालमीच्या दिवसाला नाइटच्या निम्मे पैसे मोजावेत. त्यासाठी तिकीट थोडं वाढलं तरी मी, आणि माझ्या ओळखीचे बरेच ठाणेकर, कुरकुर न करता देऊ. त्या बदल्यात नटाने शूटिंगच्या तारखा आधी कळवाव्यात. आणि करारात एक कलम हवंच: प्रवेशातला एक जरी नट गैरहजर असेल, तर त्या प्रवेशाची तालीम धरायची नाही.